जुन्या मालमोटारीचे तापणे : कारणे, परीक्षा व उपाय

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो बाजारपेठेत वेळेवर पोहोचविणे जोखमीचे असते. तोडलेला ऊस दिवसागणिक वजनास उतरतो, भाजीपाला एका रात्रीत मान टाकतो, आणि वैशाखात पिकावर आलेला आंबा तर घाटात अडकलेल्या गाडीची मुळीच वाट पाहत नाही. म्हणून पुष्कळ बागाईतदारांनी, कित्येक ठिकाणी भावाभावांनी मिळून, स्वतःच्या मालमोटारी ठेविल्या आहेत. ह्या गाड्या बहुधा नव्या नसतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेल्या, पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राबलेल्या अशाच त्या असतात. अशा गाडीच्या मालकाच्या तोंडी जी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते ती एकच : ‘गाडी तापते.’

ह्या तक्रारीवर दोन उपाय सर्वत्र प्रचारात आहेत. पहिला, गाडीत पाण्याचे डबे ठेवून दर मुक्कामी रेडिएटर भरीत जाणे. दुसरा, जो भाग मनात येईल तो बदलून पाहणे. आमच्या मते हे दोन्ही उपाय सारखेच घातक आहेत. डब्याने पाणी घालीत राहणे ही दुरुस्ती नव्हे. ते देणे पुढे ढकलणे होय, आणि पुढे ढकललेले देणे व्याजासह फेडावे लागते. इंजिनाचे हेड वाकले किंवा तडकले म्हणजे त्या एका दुरुस्तीत पुष्कळदा सबंध हंगामाची शिल्लक जाते. उलटपक्षी, दोष कोठे आहे हे ठरविल्यावाचून सुटे भाग बदलीत जाणे म्हणजे मोजणी केल्यावाचून बांध घालणे होय. तापण्याची बहुतेक कारणे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी व हातांनी, फारशा खर्चावाचून शोधून काढता येतात. ती कशी, हे क्रमाने सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

उष्णतेचा जमाखर्च

डिझेल जळताना इंजिनाच्या नळकांड्यात क्षणभर दीड हजार अंशांहून अधिक उष्णता उत्पन्न होते. ढोबळ मानाने बोलावयाचे तर जळालेल्या डिझेलच्या शक्तीपैकी सुमारे एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, जवळजवळ तितकाच धुराड्यातून बाहेर जातो, आणि उरलेल्याचा मोठा भाग पाण्याच्या वाटे काढून टाकावा लागतो. हा शेवटचा भाग वेळच्या वेळी बाहेर गेला नाही तर तो धातूत साठतो आणि इंजिनाचा नाश करतो. जमा चालू राहिली आणि खर्च थांबला तर बाकी वाढणारच. हा हिशेब अगदी सरळ आहे.

खर्चाची वाट अशी असते. पंप रेडिएटरच्या तळातून थंड पाणी ओढून ब्लॉकमध्ये ढकलतो. ते लायनरांच्या भोवती फिरून हेडमध्ये चढते व थर्मोस्टॅटपाशी येते. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद राहतो व पाणी आतल्या आतच फिरते. पाणी ठरावीक अंशांपर्यंत, बहुतेक इंजिनांत सुमारे 80 अंशांच्या आसपास, तापले म्हणजे थर्मोस्टॅटातील मेण फुगून झडप उघडते, आणि पाणी वरच्या नळीने रेडिएटरात जाते. तेथे बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याने ओढलेल्या वाऱ्यास ते आपली उष्णता देते आणि निवून पुन्हा तळाशी येते.

ह्या व्यवस्थेस आणखी एक गोष्ट आवश्यक आहे, ती म्हणजे दाब. घरातील प्रेशर कुकर ज्या नियमाने चालतो त्याच नियमाने रेडिएटरचे झाकणही काम करते. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळते, व दर 300 मीटर उंचीस हा आकडा सुमारे एक अंशाने उतरतो. परंतु झाकणाने चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम इतका जादा दाब धरला, तर तेच पाणी सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. सबब झाकणाचे रबर कुजले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर, इतर सर्व काही ठीक असूनही, घाटमाथ्यावर गाडी उकळू शकते.

तेव्हा पाणी, वारा व दाब हे उष्णता बाहेर नेणारे तीन गडी होत. तिघांपैकी एकानेही काम सोडले की गाडी तापते. चौथे कारण म्हणजे उष्णताच प्रमाणाबाहेर उत्पन्न होणे. बेसुमार भार, चाकाला घासत राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच, धुळीने बंद झालेला हवेचा फिल्टर, किंवा डिझेल पंपाचे बिघडलेले टायमिंग ही त्याची नेहमीची रूपे होत.

गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न

वैद्य जसा ताप सकाळी येतो की सायंकाळी हे प्रथम विचारतो, तसेच येथेही विचारले पाहिजे. पुढील लक्षणे ध्यानात ठेविल्यास अर्धे निदान बसल्या जागी होते.

उभी असता किंवा घाटात हळू चालताना तापते, परंतु सपाट रस्त्यावर वेगात असता काटा खाली येतो : अशा वेळी दोष वाऱ्याचा समजावा. वेगात रस्त्यावरचा वारा आपोआप मिळतो. हळू चालताना सर्व भिस्त पंख्यावर असते. पट्टा, पंखा, त्याभोवतीचे पत्र्याचे कडे व रेडिएटरची जाळी हे भाग पाहावेत.

उभी असता ठीक, परंतु भार भरून वेगात चालविली की तापते : पाणी पुरेसे फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालची नळी ओढीने चिमटत असेल.

सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत तापते : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा, आत हवा कोंडली असावी, किंवा हेड गॅस्केट फुटून जळता वायू पाण्यात शिरत असावा.

पाणी रोज कमी होते, परंतु खाली थेंब दिसत नाही : झाकण दाब धरीत नसेल व वाफ निघून जात असेल, अथवा पाणी गॅस्केटवाटे इंजिनाच्या आत जात असेल. हे दुसरे कारण गंभीर आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. त्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असतो तोवरच त्याचे सांगणे खरे. पाणी निघून जाऊन तो उघडा पडला, तर इंजिन आत भाजत असताही काटा खाली उतरलेला दिसू शकतो. चढावर वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, तर तो शुभशकुन न मानता गाडी ताबडतोब थांबवावी.

परीक्षेचा क्रम

परीक्षा नेहमी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असता करावी, व स्वस्त गोष्टींपासून महाग गोष्टींकडे जावे. पट्ट्यास किंवा पंख्यास हात लावण्यापूर्वी इंजिन बंद असल्याची व किल्ली स्वतःच्या खिशात असल्याची खात्री करून घ्यावी. चालू इंजिनाजवळ उपरण्याचे टोक किंवा ढिली बाही जाऊ देऊ नये.

1. पाणी. झाकण काढून पातळी पाहावी. पाण्यात बोट बुडवून रंग पाहावा. तांबूस गढूळ असल्यास आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा मऊ साय असल्यास तेलाचा व पाण्याचा मार्ग कोठेतरी एक झाला आहे. लगेच तेलाची दांडी ओढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास ती गाडी त्या दिवशी बाहेर काढू नये.

2. झाकण. रबर चिरलेले किंवा चपटे झालेले आहे काय, मधली लहान झडप बोटाने ओढल्यास परत बसते काय, हे पाहावे. ही लहान झडप अडकली तर इंजिन निवताना आत पोकळी उत्पन्न होऊन नळ्या आत ओढल्या जातात. झाकण बदलताना त्यावरील दाबाचा आकडा पूर्वीचाच घ्यावा. अधिक दाबाचे झाकण लावल्याने तापणे थांबते ही समजूत चुकीची आहे. त्याने जुन्या रेडिएटरचे सांधे मात्र फुटतात.

3. नळ्या व क्लिपा. नळी दाबून पाहावी. फार मऊ, फार कडक किंवा क्लिपेजवळ फुगलेली नळी बदलावी. खालची नळी पंपाच्या ओढीखाली असते, म्हणून काही गाड्यांत तिच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. नळी बदलताना ही स्प्रिंग फेकून देऊ नये. ती नसल्यास इंजिन जोरात फिरू लागताच नळी चिमटते व पाणी अडते.

4. पट्टा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारणतः 10 ते 15 मिलिमीटर खाली जावा. त्याहून ढिला असल्यास तो घसरतो. फार ताणलेला असल्यास पंपाचे बेअरिंग खातो. पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असल्यास तो ताणूनही घसरेल, म्हणून बदलावा. दोन पट्टे जोडीने चालत असतील तर दोन्ही एकदम बदलावेत.

5. रेडिएटरची जाळी. आमच्या अनुभवास ह्या एका कारणाने जितक्या गाड्या तापताना आल्या तितक्या दुसऱ्या कशानेही नाहीत. पाचट, कापसाचे तंतू, धान्याचा कोंडा, किडे व धूळ जाळीत शिरतात आणि इंजिनाच्या तेलकट वाफेने त्यांचा घट्ट लेप बनतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, परंतु आतून भिंत झालेली असते. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस मारावे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. पाण्याचा जोर बेताचा असावा, नाही तर पातळ पत्र्या मुडपून वारा कायमचा बंद होतो.

6. पंप. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत असल्यास आतील सील गेले आहे. कित्येक जण हे छिद्रच लुकणाने बंद करतात. परंतु ते गळती दाखविण्यासाठीच ठेविलेले आहे. ते बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पुढे पंखा निखळून रेडिएटरमध्ये घुसण्याचा प्रसंग येतो. पंख्याची पाती धरून हलविल्यास दांडा डुलत असला, तर पंप दुरुस्त करण्यास दिवसाचाही विलंब लावू नये.

7. हेड गॅस्केट. थंड इंजिनात पाणी काठोकाठ भरून झाकण न लावता ते सुरू करावे व दुरून पाहावे. प्रारंभी थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती कोंडलेली हवा होय. बुडबुडे थांबतच नाहीत व इंजिनाचा वेग वाढविताच अधिक येतात, असे झाल्यास जळता वायू पाण्यात येत आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी घट्ट होणे, व इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरा वाफाळ धूर येत राहणे, ही त्याचीच लक्षणे होत. येथे मालकाचे काम संपते व चांगल्या मेस्त्रीचे सुरू होते. मात्र गॅस्केट बदलताना हेडची पातळी पट्टी लावून तपासून घेण्याचा आग्रह मालकाने अवश्य धरावा. वाकलेल्या हेडवर बसविलेले नवे गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड

आपल्याकडील हवा उष्ण, तेव्हा थर्मोस्टॅटाची गरजच नाही, असे समजून तो काढून फेकण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी पडला आहे. त्याने दोन प्रकारे नुकसान होते. सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसे तापत नाही. डिझेल पुरते जळत नाही. न जळलेले डिझेल लायनरवरील तेल धुऊन काढते व झीज वाढते. हे पहिले नुकसान. दुसरे नुकसान बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो व त्याच वेळी आतल्या आखूड वाटेचे तोंड बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर ही आखूड वाट सदैव उघडी राहते. पाणी सोपी वाट धरते, आणि त्याचा बराचसा भाग रेडिएटरला शिवल्यावाचून गरमच्या गरम इंजिनात परत येतो. म्हणजे थंडाव्यासाठी केलेली गोष्ट चढावर नेमकी उष्णता वाढविते.

आमच्या नात्यातील एका आंबा बागाईतदारांच्या गाडीस हाच अनुभव आला. रत्नागिरीकडील माल आंबा घाटाने कोल्हापुरास नेणारी ही त्यांची जुनी सहाचाकी गाडी. फाल्गुनात ती किंचित तापू लागली म्हणून एका गॅरेजात नेली असता तेथे थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. चैत्रात भरलेली गाडी घाटात उकळली. मग नवा रेडिएटर घेण्यात आला. वैशाखात गाडी पुन्हा उकळली, आणि ह्या वेळी रात्र घाटातच काढावी लागली. सकाळी माल पेठेत पोहोचला तेव्हा लिलाव होऊन गेला होता. खालच्या थरातील पेट्या उकडून काळवंडल्या होत्या. त्या मिळेल त्या भावाने काढाव्या लागल्या. त्यानंतर एका वृद्ध, निवृत्त मेस्त्रींना गाडी दाखविली. त्यांनी कोणताही भाग खोलण्यापूर्वी इंजिन तापवून वरच्या नळीजवळ हात धरला. इंजिन कढत असताही नळी तितकीशी गरम नव्हती. पाणी रेडिएटरकडे जातच नाही हे त्यांनी तेवढ्यावरून ताडले. रिकामे घर उघडून त्यात योग्य आकड्याचा थर्मोस्टॅट बसविला. नवा रेडिएटर घालताना अडचण होते म्हणून काढून ठेविलेले पंख्याभोवतीचे कडेही परत लावले. तीच गाडी त्याच भाराने दुसऱ्या दिवशी घाट चढून गेली. जुना रेडिएटर निर्दोष होता. तो आजही त्यांच्या मागील पडवीत असून त्यावर कोंबड्या बसतात.

थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे स्वयंपाकघरात पाहता येते. तो दोरीने बांधून पाण्याच्या पातेल्यात, तळाला न टेकेल असा, सोडावा व पाणी तापवावे. थर्मोस्टॅटावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे, व पाणी आणखी दहा-पंधरा अंश तापेतो पुरी उघडली पाहिजे. न उघडल्यास अगर अर्धवट उघडल्यास तो टाकून त्याच आकड्याचा नवा घ्यावा.

पाणी कोणते घालावे

देशावरील काळ्या खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असते. न्हाणीघरातील बंबात जो पांढरा कीट बसतो तोच ते पाणी इंजिनात बसविते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यास दर लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा इष्ट मानला असून, दुसरी सोय नसल्यास 600 पर्यंत सूट दिली आहे. समजा, आपले पाणी 500 मिलिग्रॅमचे आहे व गाडीत रोज पाच लिटर पाणी घालावे लागते. म्हणजे रोज अडीच ग्रॅम, व तीनशे दिवसांत पाऊण किलोग्रॅम क्षार इंजिनात गेले. त्यातील निम्मेच चिकटले असे धरले तरी रेडिएटरच्या बारीक नळ्यांची अवस्था काय होईल, याचा वाचकांनी विचार करावा. एकदाच भरलेले पाणी आपल्यातील क्षार टाकून मोकळे होते. रोज घातलेले नवे पाणी मात्र रोज नवा थर आणते. डब्याचा उपाय रोग वाढवितो, असे आम्ही म्हटले ते याच कारणाने.

कीट बसलाच असल्यास बाजारात मिळणारे रेडिएटर धुण्याचे औषध, डब्यावरील सूचनेप्रमाणे मोजून वापरावे, व नंतर स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट दिशेने, म्हणजे खालच्या तोंडातून वर, धुवावे. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल कदापि वापरू नये. त्याने धातूच खाल्ला जातो. कीट निघाल्यावर कित्येकदा त्याखाली झाकलेले छिद्र उघडे पडते, त्यास तयार असावे. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्यास कुशल कारागीर त्यास डाख देऊन बरा करतो. रस्त्यात गळती थांबविण्यासाठी हळद टाकण्याची युक्ती ड्रायव्हर लोकांत प्रसिद्ध आहे. परंतु हळद सांगलीच्या पेठेत शोभते, रेडिएटरात नव्हे. गळणाऱ्या एका नळीबरोबर ती चांगल्या दहा नळ्याही बंद करते.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कूलंटमधील ग्लायकॉलने उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढतो, हा लाभ लहान आहे. मोठा लाभ त्यातील गंजरोधक द्रव्यांचा. ज्या डिझेल इंजिनांत लायनरास पाणी थेट भिडते, तेथे लायनरच्या कंपाने पाण्यात बारीक बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात व धातूस बाहेरून टोचे पडतात. वर्षानुवर्षे असे होत गेल्यास लायनरास आरपार भोक पडून पाणी तेलात उतरते. चांगले कूलंट ह्यास आळा घालते. ते निर्मळ, क्षाररहित पाण्यात मिसळावे. शुद्ध केलेले पाणी न मिळाल्यास पहिल्या काही सरी जाऊ देऊन छपरावरून धरलेले व गाळलेले पावसाचे पाणी उपयोगी पडते. निरनिराळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नयेत; रंग सारखा असला तरी गुण सारखा असतोच असे नाही.

कूलंटविषयी एक गोष्ट गोठा असलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. ग्लायकॉल चवीस गोड परंतु विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्री व वासरे चाटतात आणि प्राणास मुकतात. म्हणून जुने कूलंट झाकणाच्या डब्यात काढावे, अंगणात, ओहळात किंवा हौदाजवळ ओतू नये, व डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

घाटात गाडी उकळल्यास

काटा चढू लागताच खालचा गिअर घ्यावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवीत चढण्याचा हट्ट धरू नये. तरीही काटा चढत राहिल्यास सुरक्षित जागी गाडी बाजूस घेऊन चाकांस दगड लावावेत. पाणी शाबूत असेल व पट्टा फिरत असेल, तर इंजिन एकदम बंद न करता थोडा वेळ रिकामे चालू द्यावे, म्हणजे हेडमध्ये कोंडलेली उष्णता निघून जाते. परंतु वाफ उसळत असेल, पाणी गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता इंजिन बंद करावे.

यापुढील अर्धा-पाऊण तास हाच सर्वांत धोक्याचा. माल नासतो आहे, मागे गाड्या वाजत आहेत, अशा घाईत झाकण उघडले जाते. झाकण उघडताच दाब सुटतो, आतील शंभराहून अधिक अंशांचे पाणी तत्क्षणी वाफ होऊन तोंडावर येते, आणि माणसाचे डोळे जातात. क्लीनरचे काम करणारी पोरे ह्यास अधिक बळी पडतात. मालकाने आपल्या माणसांस निक्षून सांगावे की, वरची नळी उघड्या हाताने सहज दाबता येईपर्यंत झाकणास हात लावावयाचा नाही. तेव्हाही जाड कापडाची घडी ठेवून, तोंड बाजूस करून, प्रथम अर्धाच फेर द्यावा व दाब निघून गेल्यावर झाकण काढावे. कोणी भाजलेच, तर भाजल्या जागी सुमारे वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडीत राहावे, व इतर लेप न लावता दवाखान्यात न्यावे.

कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात थंड पाणी ओतू नये. तापलेल्या काचेवर पाणी पडावे तसे हेड तडकते. इंजिन निवल्यावर ते सुरू करून, रिकामे फिरत असता थोडे थोडे पाणी घालावे.

नोंदीचे महत्त्व

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरात गेली. जी गोष्ट लिहून ठेविली जात नाही ती हळूहळू नाहीशी होते व कोणास पत्ता लागत नाही, हे तेथे आम्ही नित्य पाहिले. गाडीतील पाण्याचेही तसेच आहे. ड्रायव्हरच्या आसनाजवळ एक लहान वही ठेवावी व तीत चारच रकाने आखावेत : तारीख, किलोमीटर, घातलेले पाणी, आणि काटा सर्वांत वर कोठवर गेला. निरोगी गाडीस पाणी घालण्याचा रकाना आठवडेच्या आठवडे कोरा राहिला पाहिजे. तो भरू लागला की दोष सुरू झाला, आणि तो अद्याप स्वस्त आहे, असे समजावे. पाव लिटरच्या नोंदीवर जो मालक क्लिप आवळतो त्यास पुढे हेड उघडावे लागत नाही.

उसाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी आश्विनात एकदा, व आंब्याची सुरू होण्यापूर्वी फाल्गुनात एकदा, वर सांगितलेली सात कलमे क्रमाने तपासावीत. ह्या कामास एक सकाळ पुरते. बैलांस औतास जुंपण्यापूर्वी त्यांचे खूर व खांदे पाहणारा शेतकरी मालमोटारीची तेवढी विचारपूस करील, तर त्याचा माल वेळेवर पेठेत उतरेल आणि गाडीवरील माणूसही धडधाकट घरी येईल.